पहिल्या हाकेला ओ

आमच्या गुणाजी मास्तरांना कुणी हाक मारलेली नसते, तरी ते ओ देतात.

म्हणजे कसं, ते सांगते. कणकवलीच्या डेपोत कुणीतरी आपल्या बायकोला "अगो मंदा, गाडी लागली!" म्हणून ओरडतो. मंदा कुठे असेल तिथे असेल, बाकावर बसलेले मास्तर मान वर करून म्हणतात, "ओ!" बाजारात मासेवाली भलत्याच गिऱ्हाइकाला "ओ दादानु" करते आणि चार दुकानं पलीकडे नारळ वाजवून बघणारे मास्तर हातातला नारळ तसाच धरून म्हणतात, "ओ!" एकदा सरकारी दवाखान्यात शिपायाने दारात येऊन "सुलोचना!" असं पुकारलं. सुलोचना औषधाच्या खिडकीशी गेली होती. मास्तरांनी आपल्या जागेवरून ठणठणीत ओ दिली. शिपायाने मास्तरांच्या मिशीकडे बघितलं, हातातल्या कागदाकडे बघितलं, आणि बिचाऱ्याने विचारलं, "तुम्ही सुलोचना?"

"नाय," मास्तर म्हणाले. "ती खिडकीकडे गेलीहा, येतली आता. पण तुमची हाक फुकट जाव नये."

हाक फुकट जाव नये, हे मास्तरांचं पालुपद. माझ्या नणंदेच्या मुलीच्या लग्नात तर कहर झाला. भटजींनी माईकवरून "मुलीचे मामा!" असं बोलावलं. मुलीचा मामा म्हणजे माझा नवरा. तो त्या शुभ मुहूर्तावर मांडवामागे तंबाखू मळत होता. हॉलच्या शेवटच्या रांगेतून मास्तरांची ओ आली. बस्स! लोकांनी "मामा इले, मामा इले" करत त्यांना ढकलत ढकलत पुढे नेलं, कुणी डोक्यावर टोपी घातली, आणि मास्तरही असे गुणी की मुलीचा दंड धरून तिला बोहल्यापर्यंत घेऊन आले. तेवढ्यात हात झटकत खरा मामा धावत आला. आजही त्या लग्नाच्या व्हिडिओत नवरीला दोन मामा आहेत आणि खरं सांगायचं तर त्यातले देखणे मास्तर आहेत.

आता वाडीतले लोक म्हणजे तुम्हाला ठाऊकच. कुणी म्हणे, मास्तर शाळेत पी.टी. शिकवायचे, जन्मभर पोरांची हजेरी घेतली, आता स्वतःची देत फिरतायत. कुणी म्हणे, बायको गेल्यापासून माणूस जरा हललाय. मी पहिल्या पार्टीत होते. आमच्या आणि मास्तरांच्या घरांच्या मध्ये दगडांचा कमरेएवढा गडगा आहे फक्त. इतक्या जवळून एखादा माणूस बघितला की तो आपल्याला पुरता कळलाय असं वाटायला लागतं.

मी शालन. तळीवाडीत तळ्याच्या काठाला आमचा होमस्टे आहे. चार खोल्या, नवऱ्याच्या हौसेची एक झोपाळ्याची पडवी आणि माझ्या हातचं जेवण. तळं संस्थानाच्या काळातलं. कुणा राजेसाहेबांनी जांभ्या दगडाचा बांध घालून ओढा अडवला, भोवती झाडं राखली आणि शिकारीला आल्यावर उतरायला एक बंगली बांधली. राजेसाहेब गेले, बंगलीला कुलूप लागलं, पण राई राहिली. बांधावरून निघालेली वाट दोन्हीकडच्या गडग्यांमधून राईत शिरते, बंगलीच्या फाटकावरून जाते, सुरंगीच्या झाडांखालून वळते आणि तळ्याला पूर्ण वळसा घालून परत बांधावर येते. कुठे चढ नाही, कुठे उतार नाही. आम्ही त्या वाटेने जन्मभर गवताचे भारे वाहिले. शहरातले लोक हल्ली तिथे नुसतं चालायला येतात, आणि वर त्याला निसर्गभ्रमण म्हणतात.

या पाहुण्यांना फिरवून आणायचं काम मास्तरांचं. आणि इथे त्यांचा दुसरा चमत्कारिकपणा. जगातला कुठलाही वाटाड्या पुढे चालतो. आमचे मास्तर सगळ्यांत शेवटी चालतात. पाहुणे विचारतात, "मग आम्ही जायचं कुठे?" मास्तर काठीने वाट दाखवतात. "वाट एकच आसा. ती तुमका चुकूची नाय. तुमी चला, मी मागसून येतंय."

माहितीच्या नावाने तर आनंदच आहे. पुण्याच्या एक बाई वही घेऊन आल्या होत्या. हे झाड कोणतं, असं त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, "जुना." हे पक्षी कोणते? "पाण्यातले." तळं कोणी बांधलं? "राजान." जरा विचार करून म्हणाले, "म्हणजे राजान सांगल्यान. बांधलो गड्यांनी." राजेसाहेबांनी इथे वाघ मारला होता का, असं एकाने विचारलं तर म्हणाले, "वाघान राजेसायबाक मारूक नाय, तेवढा माका म्हायती आसा." त्या बाईंनी वही पिशवीत टाकली. आणि तरीसुद्धा गेल्यावर मोबाईलवर लिहिलं काय, तर वाटाड्याला काडीची माहिती नाही, पण मागे कुणीतरी आहे असं सारखं वाटत राहतं, म्हणून पाचपैकी पाच तारे.

सगळे रमतगमत चालत असतात. कुणी "आई, इकडे बघ!" म्हणालं की मागून "ओ!" कुणी "देवा रे!" म्हणालं तरी "ओ!" झुडपातून भारद्वाज हुंकारला तर त्यालाही. पोरं तर मुद्दाम एकमेकांना हाका मारून मास्तरांना दमवायची. मास्तर दमत नसत.

पूर्वी मास्तर असे नव्हते, हे मात्र सांगायला हवं. पूर्वी त्यांचं चालणं म्हणजे काय विचारता! गळ्यात शिट्टी, काखेत छत्री, आणि "उचल पाय, उचल पाय" स्वतःशीच म्हणत असे काही सुटायचे की समोरून येणारी गुरं बाजूला व्हायची. त्यांच्या मागून वैनी. त्यांची बायको. हातात पिशवी, कमरेला खोचलेला पदर, आणि दोघांच्या मध्ये आरामात एक बैलगाडी जाईल एवढं अंतर. आता आमच्याकडे बायकांनी मागून चालायची रीतच आहे, त्यात कुणाला काही वाटत नाही. माझा नवराही पुढेच चालतो, फक्त तो पानाच्या प्रत्येक टपरीला थांबतो म्हणून मी त्याला गाठते. मास्तर कुठेच थांबत नसत. वैनी मला म्हणायची, "शालन, माका ह्यांचा तोंड तितक्या ठावक नाय. पाठ मात्र हजार पाठींत वळखीन." आणि मग पदर तोंडाला लावून हसायची.

वैनीची आणखी एक तऱ्हा होती. ती हाक एकदाच मारायची. गडग्याशी येऊन "शालन" एवढंच म्हणायची. मी चुलीशी असले, मिक्सर चालू असला, मला ऐकू गेलं नाही, तर आल्या पावली परत. मागाहून मी चिडायचे. "अगो, परत एक हाक मारूक काय झाला होता? तोंड दुखला आसता?" तर म्हणे, "तुजा काम आसतला, म्हणान गेलंय." दुसऱ्यांदा हाक मारणं तिला भांडल्यासारखं वाटायचं. नवऱ्याचं नाव तर तिच्या तोंडी यायचा प्रश्नच नव्हता. "अवो." तेही एकदाच.

वैनी गेली त्याला आता काही वर्षं झाली. माहेरी सत्यनारायण होता, तिथून दोघं राईतल्या वाटेने परत येत होती. वाटेत बेहड्याचं एक प्रचंड झाड आहे, आम्ही त्याला हेळो म्हणतो. त्या वळणावर ती खाली बसली ती बसलीच. काळीज थांबलं. वाडीतल्या माणसांनी तिला उचलून घरी आणलं तेव्हा तिच्या आंबाड्यात माहेरच्यांनी माळलेला सुरंगीचा वळेसार होता, आणि त्याचा वास आमच्या अंगणापर्यंत येत होता. सुरंगीचा वास मला अजून सहन होत नाही. पाहुण्या बायका कौतुकाने माझ्यासाठी गजरा आणतात, मी तो देवाला वाहते.

त्यानंतर कितीतरी दिवस मास्तर त्या वाटेला फिरकले नाहीत. मग एका सकाळी कोयता घेऊन गेले, वाटेवरचे काटे तोडले, रुतणारे दगड उपटून काढले, बसायला दगडी पाट मांडले, आणि माझ्याकडे येऊन म्हणाले, "तुजे पावणे धाड गो. मी तेंका मागसून सांभाळीन." मी म्हटलं, बरं झालं, माणसाचं मन रमेल. ओ द्यायचं खूळ त्याच सुमाराला सुरू झालं.

त्या हेळ्याच्या वळणाबद्दल एक सांगायचं राहिलं. ती देवचाराची जागा. देवचार म्हणजे आमच्याकडचा राखणदार, पण त्याच्या वाटेला कुणी जात नाही. तिथून तिन्हीसांजेला जाताना मागून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही आणि वळून बघायचं नाही, हे आमच्या प्रत्येकाच्या कानात आईने भातासोबत भरवलेलं असतं. भूत एकदाच हाक मारतं, माणूस परत परत मारतो. दुसरी हाक आली, तिसरी आली, तर समजायचं आपलं माणूस आहे; मग खुशाल ओ द्यावी. मी कॉलेजात शिकलेली बाई आहे, पण मीसुद्धा तिथे तोंड मिटून घेते. आणि आमचे मास्तर नेमके तिथेच सगळ्यांत मोठ्याने ओ देत! वाडीतले जाणते त्यांना समजवायला गेले. "मास्तरांनु, सगळ्या गावाक ओ द्या, पण थंय तरी गप ऱ्हवा!" मास्तर म्हणाले, "देवचार झालो म्हणान काय झाला? तेची हाक तरी फुकट कित्याक?" जाणते हात जोडून परत आले.

तर असं सगळं चाललं होतं. आणि मग मास्तरांचे कान जायला लागले.

आधी माझ्या लक्षातच आलं नाही. उलट त्यांची ओ वाढलीच होती. कुणी काही न बोलता सुद्धा मधूनच "ओ!" गडग्यापलीकडे एकटेच बसलेले असताना "ओ!" मी विचारलं, "कोणाक?" तर जरा ओशाळून म्हणाले, "कोण बोललो नाय? माका वाटला बोललो." पुढे पुढे उलटं व्हायला लागलं. मी हाक मारायचे आणि गडग्यापलीकडे शुकशुकाट. ज्या माणसाने दवाखान्यात सुलोचनेची ओ दिली त्याला त्याच्याच अंगणात "मास्तर, घावणे घेवा" ऐकू जाईना! नवऱ्याने त्यांना धरून कणकवलीला नेलं, कानाचं यंत्र बसवून आणलं. मास्तर दोन दिवस यंत्र लावून राईत गेले आणि परत येऊन ते स्टीलच्या डब्यात ठेवून दिलं. "माणसां सोडून सगळा आयकाक येता," म्हणाले. "पायाखालचा पान असा कडाडता जसा आभाळ फाटता. मी दर पावलाक दचकतंय. पावणे माका हसतत." त्यांना पाहुण्यांच्या हसण्याचं काहीच नव्हतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मागे चालणाऱ्याला हाक ऐकू आली नाही तर तो मागे कशाला, ही धास्ती त्यांच्या डोळ्यांत दिसायची. चालताना सारखी मान वळवायचे. आधी शेवटच्या माणसापासून चार पावलं राखून चालायचे, ते आता जवळजवळ त्याच्या पाठीला लागून चालायला लागले.

आणि यंदा, सुरंगी फुलली त्या दिवसांत, व्हायचं ते झालं. डोंबिवलीचं एक कुटुंब आलं होतं, त्यांच्यात एक आजी. बंगलीच्या फाटकाशी त्या चपलेतला खडा काढायला खांबाआड टेकल्या. मास्तरांना वाटलं, सगळे पुढे गेले. ते आपले त्यांच्यावरून पुढे निघून गेले. आजींनी पाठमोऱ्या मास्तरांना हाक मारली, "अहो, थांबा हो!" मास्तर चालतच राहिले. ती हाक पुढे आजींच्या मुलीला ऐकू आली. ती मास्तरांच्या अंगावरून मागे धावत गेली. तिला मागे धावताना बघितलं तेव्हा मास्तर वळले.

झालं काहीच नव्हतं. आजी खांबाला टेकून हसत होत्या. पण मास्तर वाटेतच मट्कन खाली बसले, आणि आजींनीच त्यांना पाणी पाजलं.

संध्याकाळी ते माझ्या अंगणात आले. काठी आणि शिट्टी तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली. "ह्यां तुज्याकडे ठेव. आता माज्याकडे पावणे धाडू नको."

मी चिडलेच. "कित्याक? आजी हसत होती. माका म्हणाली, मास्तर किती चांगले."

"हसत होती," मास्तर म्हणाले. "पण हाक फुकट गेली मां?"

आणि गेले. त्या दिवसापासून मास्तरांनी ओ देणंच सोडलं. डेपोत नाही, बाजारात नाही. बाजारात जाणंच सोडलं म्हणा ना. तुम्हाला खोटं वाटेल, पण वाडीला करमेना. ज्यांनी हात जोडले होते तेच जाणते मला येऊन विचारायला लागले, "मास्तरांची ओ आयकाक नाय येणां, बरे आसत मां?" पाहुण्यांना मी नवऱ्याबरोबर पाठवून बघितलं. तो पुढे चालला आणि बंगलीपर्यंतही न जाता पान खायला परत आला.

शेवटी एका सकाळी मी घावण्यांची ताटली घेऊन गडगा ओलांडला. दार उघडं होतं. तीनदा हाक मारली, उत्तर नाही. आत मास्तर वैनीच्या पाटावर बसले होते आणि ते कानाचं यंत्र तळहातावर घेऊन बघत होते. मी समोर जाऊन बसले तेव्हा त्यांना कळलं. यंत्र त्यांच्या कानात घातलं, घावणे पुढे केले आणि म्हटलं, "मास्तरांनु, पुरे झाला आता. एका हाकेसाठी माणूस इतका मनाक लावून घेता?"

मास्तरांनी ताटली बाजूला सारली. मग म्हणाले, "शालन, तिनां माका हाक मारल्यान."

"कोणी? डोंबिवलीच्या आजीन?"

"तुज्या वैनीन."

मला काही कळेना.

"त्या दिवशी. हेळ्याकडे. मी फुडे होतंय. 'अवो' म्हणान हाक मारल्यान. मी आयकलंय, शालन. लख्ख आयकलंय. तेवा माजे कान धड होते."

"मगे?"

"तिन्हीसांज झाली होती. देवचाराची जागा. ल्हानपणापासून आयकत इलंय मां, पयल्या हाकेक ओ देव नये. आपल्या माणसाचो आवाज काढता म्हणतत. म्हटलंय, तीच आसात तर परत हाक मारीत. दुसऱ्या हाकेची वाट बघत चलत ऱ्हवलंय. उलट पाय उचललंय. बांधार येवन मागे बघतंय तर कोण नाय."

बाहेर माझा नवरा कुणाशी तरी मोठ्याने बोलत होता. मला वाटलं, त्याने गप्प बसावं.

"अवो मास्तरांनु," मी म्हटलं, "डॉक्टरान सांगल्यान मां, काळीज एकदम थांबला. तुमी हात धरून उभे आसतात तरी वाचली नसती."

"वाचली नसती," मास्तर म्हणाले. "ता माका कळता. पण ओ तरी आयकली आसती मां गो."

मला रडू आवरेना. समोरचा माणूस रडत नव्हता, मीच रडत होते.

"जन्मभर एकदाच हाक मारणारी बायल माजी," ते म्हणाले. "आणि मी मेलो तिच्याकडसून दुसरी मागत बसलंय!"

आणि आम्ही काय करत होतो? त्या ओ-वर हसत होतो. लग्नाचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावून हसत होतो. मी विचारलं, "म्हणान तुमी सगळ्यांक ओ देतास?"

"खंयची हाक तिची आसात, काय सांगूचा? एक चुकली तर? म्हणान सगळ्यांकच देय." यंत्र त्यांनी कानातून काढलं आणि डब्यात ठेवलं. "आता कान गेले. आता ती मारीत हाक, आणि मी ढिम्म चलत ऱ्हवतलंय. परत."

घावणे थंड झाले. मी डोळे पुसले आणि जे सुचलं ते बोलून टाकलं. मला आधी विचार करून बोलायची सवय नाही, तशी ती आमच्या घराण्यातच नाही. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "फाल्यापासून राईत मी तुमच्यावांगडा येतंय! हाक इली की तुमचा कोपर दाबीन! तुमी ओ द्या!"

"आणि तुजी रांधप?"

"नवरो करीत!"

ही बातमी नवऱ्याला मी दुपारी सांगितली. तो म्हणाला, "मी? भाकऱ्यो?" मी म्हटलं, "मामा म्हणून बोलावलं तेव्हा कुठे होतास?" त्यावर तो पीठ कुठे असतं ते विचारायला लागला.

मास्तर दोन दिवस "नको" म्हणत होते. तिसऱ्या दिवशी कोल्हापूरचे पाहुणे बांधावर जमले तेव्हा मागे बघते तर काखेत छत्री घेऊन उभे. मी शिट्टी त्यांच्या गळ्यात घातली आणि काठी हातात दिली. पाहुण्यांना त्यांनी काठीने वाट दाखवली. "वाट एकच आसा. तुमी चला. आमी मागसून येतोंव."

पहिल्यांदा सगळा गोंधळच झाला. मी इतकी सावध होते की एका बाईचा मोबाईल वाजला तरी कोपर दाबलं, आणि मास्तरांची ओ गेली. पुढे दोन पोरं भांडायला लागली, "दादा!" "अगं!" "आई!" मी दाबत सुटले. मास्तर म्हणाले, "गो बाय, माजा कोपर काय टाईपरायटर आसा?" कितीतरी दिवसांनी ते हसले. बंगलीच्या फाटकाशी त्यांनी खांबाआड जाऊन बघितलं, कुणी राहिलं नाही ना म्हणून. सुरंगीखालून जाताना मी नाकाला पदर लावला. त्यांनी लावला नाही. उलट तिथे जरा हळू चालले.

ऊन कललं होतं. पाहुणे हेळ्याचं वळण ओलांडून पुढे गेले, त्यांची बोलणीही गेली. आम्ही दोघंच मागे. तिथे एक दगडी पाट आहे. मास्तरांनी मांडलेला सगळ्यांत रुंद पाट तोच, आणि त्यावर मी त्यांना कधी बसलेलं बघितलेलं नाही. त्यांची पावलं मंद झाली. मान माझ्याकडे वळली. माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या हाताकडे ते बघत होते.

हाक आली नव्हती. पाखरूसुद्धा बोललं नव्हतं. मला माहीत होतं ना! माझे कान शाबूत आहेत.

मी त्यांचं कोपर दाबलं.

मास्तर थांबले. वळले, पूर्ण वळले, आलेल्या वाटेकडे तोंड करून उभे राहिले. "ओ," ते म्हणाले. डेपोतली ती ठणठणीत ओ नव्हती. घरातल्या घरात देतात तशी होती. "इलंय गो. इलंय."

दोन पावलं मागे गेले आणि त्या पाटाच्या कडेला बसले, शेजारी जागा सोडून. मी तिथेच उभी राहिले. पुढून पाहुण्यांपैकी कुणीतरी हाक मारत होतं. त्या एका हाकेला मी कोपर दाबलं नाही.

थोड्या वेळाने मास्तर उठले, काठी घेतली आणि मला विचारलं, "तुका आयकाक इली?"

"इली," मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं.

"एकदाच मां?"

"एकदाच."

"मगे तीच," मास्तर म्हणाले.